चार वर्षांत एकही तक्रार नाही

समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या वाचनालयाचा कणा असलेल्या माननीय प्रतिभाताई, व्यासपीठावर बसलेले उल्हासनगरचे व्यापारी श्री. भूपेशशेठ, जिला निरोप द्यायला आपण जमलो आहोत ती आपली सत्कारमूर्ती डॉ. जिज्ञासा, तिच्या मातोश्री सुनंदाताई, अंबरनाथ-बदलापूरहून आलेले सुजाण नागरिक, आणि बारवी धरणाकडच्या आवळीच्या पाड्यावरून टेम्पो करून आलेली, पहिल्या दोन रांगा अडवून बसलेली माझी मंडळी, आपणां सर्वांना सविनय नमस्कार.

मला बोलायला दहा मिनिटं दिली आहेत. मी चौतीस वर्षं कचेरीच्या खुर्चीवर काढली. दहा मिनिटं म्हणजे नक्की किती, हे माझ्याइतकं मोघम दुसऱ्या कुणाला माहीत नसेल. ज्यांना मी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी हरिचंद्र, जांभूळचा. पाणीपुरवठ्याच्या एका कचेरीत हेडक्लार्क होतो, तक्रारींचं टेबल माझ्याकडे होतं, गेल्या वर्षीच्या जूनमध्ये निवृत्त झालो. कचेरीचं नाव घेत नाही, पेन्शन तिथूनच येते.

आता मूळ विषयाकडे वळतो. पत्रिकेवर जिज्ञासाच्या प्रबंधाचं नाव छापलंय, 'चीनमधील ऑनलाइन लोकमत आणि सार्वजनिक धोरणासाठी त्याचे मूल्य'. परवा शिवमंदिराबाहेर फुलवाल्याकडे उभा होतो, तर आमचे एक स्नेही पत्रिका दाखवून म्हणाले, "काय हो हरिभाऊ, चीनमधे लोकांना मत असतं?" हसू नका. दोन वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी तिला विचारला होता, आणि तोही अगदी याच थाटात. तेव्हा ती हसली नव्हती. तिने पिशवीतून एक कागद काढला होता. त्या कागदाकडे मी येतोच.

पण आधी भूपेशशेठ. शेठ, तुम्ही मघाशी म्हणालात की तुमचा या डॉक्टरेटशी काही संबंध नाही. साफ खोटं. उल्हासनगरला जीन्स शिवली जाते हे जगाला माहीत आहे. त्या जीन्सची चेन आणि बटणं भूपेशशेठ चीनहून मागवतात. जिज्ञासा बी.कॉम.ला असताना त्यांच्या दुकानात कामाला लागली. तिकडची माल पाठवणारी बाई मोबाइलवर चिनी लिपीत लिहायची, आणि मोबाइल त्याचं जे काही भाषांतर करायचा, त्यातून एकदा पितळी बटणांच्या जागी प्लास्टिकची बटणं आली. तेव्हा ही पोरगी म्हणाली, "शेठ, मीच शिकते ही भाषा." आणि शिकली! इकडे आपण तीस-तीस वर्षं शेजारी राहून सिंधी धड शिकलो नाही, 'कीअं आहियो साईं', म्हणजे कसे आहात, याच्या पुढे आपली गाडी जात नाही. हिने दोन वर्षांत चिनी अक्षरं वाचायला सुरुवात केली.

एका पावसाळ्यात तिकडून माल निघेना. त्या बाईने कळवलं की गोदामामागचा नाला तुंबून पाणी आत आलंय. सोबत एक फोटो होता. तिने आपल्या शहराच्या प्रमुखाला इंटरनेटवर सगळ्यांना दिसेल असं पत्र लिहिलं होतं, आणि त्याखाली सरकारचं उत्तर छापून आलं होतं, नाला अमुक तारखेला साफ होईल. भूपेशशेठ म्हणाले, "अरे बेटा, पूछ ना माल कब निकलेगा. उसके नाले का हम क्या करें?" शेठ, आठवतंय ना? मान हलवतायत. माल पुढच्या आठवड्यात निघाला. पण जिज्ञासा त्या नाल्यातच अडकली, ती आजतागायत.

तिला दिसलं ते असं. आपल्यासारखं दर पाच वर्षांनी मत मागायला तिथे कुणी दारात येत नाही. मग लोकांना कुठे काय दुखतंय हे वर बसलेल्यांना कळणार कसं? तर लोक इंटरनेटवर जे लिहितात, ते तिथलं सरकार वाचतं. सहज चाळतं असं नाही, मन लावून वाचतं. माणसं बसवून वाचतं, मोजतं, त्याची वर्गवारी करून वर अहवाल पाठवतं. बसचा मार्ग बदलतो, दवाखान्यातल्या रांगेचा नियम बदलतो, शाळाप्रवेशाची अट बदलते. इंटरनेटवरच्या सरकारी फलकांवर नागरिकांची पत्रं असतात आणि त्यांच्याखाली उत्तरं असतात. जिज्ञासाने पाच वर्षांत अशी सव्वीस हजार पत्रं वाचली. मंडळी, सव्वीस हजार! मी चौतीस वर्षं तक्रारींच्या टेबलावर होतो, पण खऱ्या अर्थाने वाचलेल्या तक्रारी मोजायला मला माझ्या हातापायांची बोटं पुरतील.

तर तो कागद. ती आमच्या कचेरीत आली ती प्रबंधातल्या एका प्रकरणासाठी. तिला आपल्याकडची ऑनलाइन तक्रारीची पद्धत तिकडच्या पद्धतीशेजारी ठेवून बघायची होती. साहेबांनी परवानगी दिली आणि माझ्यासमोर खुर्ची टाकून दिली. मी विचारलं, चीनमधे लोकांना मत असतं का? तिने कागद पुढे केला आणि मराठीत वाचून दाखवला. एका म्हाताऱ्याचं पत्र होतं. "आदरणीय साहेब, नवा बसथांबा झाला, आभारी आहोत. पण त्याला बाक नाही. माझ्या बायकोच्या गुडघ्यांना उभं राहणं झेपत नाही. ती आता बाजारात येत नाही. पूर्वी आम्ही दोघं जायचो." एवढंच. खाली उत्तर होतं. अकरा दिवसांनी बाक बसवला होता.

मी तो कागद हातात घेतला. मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. तरी मला वाटलं, हा अर्ज मी ओळखतो. 'आदरणीय साहेब', आधी आभार, मग अडचण, आणि शेवटी जी गोष्ट लिहायची नव्हती ती आपोआप लिहून गेलेली, पूर्वी आम्ही दोघं जायचो. हिमालयापलीकडे इतकी माणसं, आणि अर्ज तसाच! मला त्या क्षणी जे वाटलं त्याला शब्द नाही. देवळात गाभाऱ्याचा अंधार डोळ्यांना सरावला की पिंड हळूहळू दिसू लागते, तसं काहीसं झालं.

पण आपण भारावून जाऊ आणि तिथलं सगळं गोड आहे असं समजू, हे तिला नको होतं. तिने मला एक वहीही दाखवली. साधी, दोनशे पानी. तीत नुसत्या तारखा आणि एकेक ओळ. आज सकाळी वाचलेलं पत्र, उद्या पाहावं तर 'हे पान सापडत नाही'. नाल्याचं पत्र राहतं, बाकाचं राहतं. पण चार गावांनी मिळून जमिनीबद्दल लिहायला घेतलं, लोक एकत्र यायला लागले, की ते पान जातं. जे पुसलं गेलं त्याची नोंद कुठेच राहत नाही, म्हणून हिने ती ठेवली. ती म्हणाली, "काका, त्यांचा कान मोठा आहे, आणि हातातलं खोडरबरही मोठं आहे. लोकमताची किंमत लावायची तर दोन्ही मोजायला पाहिजे." ही आपल्या सुनंदाताईंची पोरगी. सुनंदाताई जांभूळहून रोज डोक्यावर भाजीची पाटी घेऊन बाजारात बसायच्या आणि दर विचारला तर डोळ्यांत बघून एकच सांगायच्या. हिशेब तिथून आलाय, विद्यापीठातून नाही.

आता माझी पाळी. मला तिच्यावर छाप पाडायची होती. माझ्या टेबलामागे भिंतीवर एक फलक होता, 'तक्रार निवारण शंभर टक्के'. मी तिला म्हटलं, "बाळा, तुझ्या चीनवाल्यांना अकरा दिवस लागले. आमचा नियम सात दिवसांचा, आणि एकही तक्रार शिल्लक नाही." मी काय करायचो ते आज सांगून टाकतो, आता कोण काय करणार आहे! सातव्या दिवशी तक्रार लाल व्हायची आणि साहेबांच्या पडद्यावर दिसायची. म्हणून सहाव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर मी 'कार्यवाही पूर्ण' हे बटण दाबायचो. सरसकट सगळ्यांवर. पाणी आलं की नाही, तो भाग निराळा. कचेरीत मला 'निकालीभाऊ' म्हणायचे आणि मला त्याचा अभिमान होता.

दोन महिने ती समोर बसली. तिला ते बटण दिसत होतं, पण ती बोलली नाही. बोलली ती वेगळंच. एक दिवस वस्त्यांची यादी माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "काका, आवळीचा पाडा. चार वर्षांत एकही तक्रार नाही."

मी म्हणालो, "असणारच. गरीब, समाधानी लोक."

"रेंज आहे तिथे?"

"फुल्ल रेंज."

"मग मला तिथे न्या."

मी विचारलं, अगं, तक्रार नाही तिथे जाऊन करायचं काय? त्यावर तिने जे सांगितलं ते ऐका. तिच्या सव्वीस हजार पत्रांमध्ये एक तालुका होता. आजूबाजूचे तालुके शेकड्यांनी पत्रं लिहितायत, आणि हा अगदी गप्प. सरकारी अहवालात त्याचं कौतुक होतं, जनता संतुष्ट म्हणून. हिने तिथल्या जुन्या पत्रांची एकेक ओळ लावून पाहिली. पूर्वी तिथलेही लोक लिहायचे. पण पत्र फिरून ज्याच्याविरुद्ध लिहिलंय त्याच्याच टेबलावर यायचं, नावासकट. मग लिहिणं थांबलं. जिज्ञासा म्हणाली, "काका, तेव्हापासून मी ओरडणाऱ्या गावांच्या आधी गप्प गावं शोधते."

तर आम्ही निघालो. ती स्कूटर चालवतेय आणि हेडक्लार्क मागे पिशवी धरून बसलेत. मार्च महिना होता. पाड्यावर पोचलो तेव्हा समोर धरणाचं पाणी लखलखत होतं, डोळे दिपतील इतकं. आणि पाड्याच्या नळाला फडकं बांधलेलं. नळाचं तोंड बांधून ठेवलं होतं, धूळ जाऊ नये म्हणून. बायका धरणाच्या काठाकडून हंडे घेऊन चढ चढत होत्या. ज्या पाण्यावर तिन्ही शहरं जगतात, ते पाणी यांच्या दारातून दिसतं आणि नळाला मात्र दोन दिवसांआड वीस मिनिटं, तीही धार करंगळीएवढी.

समोर कमळाबाई बसल्या आहेत, पहिल्या रांगेत, हिरवं लुगडं. बाई, मी तुम्हाला काय विचारलं होतं? मी विचारलं, "आजी, चार वर्षं पाणी नाही तर तक्रार का नाही केली? मोबाइल तर घरोघर आहेत."

त्या म्हणाल्या, "तकरार कुनाची करू? नाव तं बारकूचाच येल."

आता बारकू कोण, ते सांगतो. पाण्याचे व्हॉल्व सोडणारा माणूस असतो, आपण त्याला चावीवाला म्हणतो. त्या भागातला चावीवाला म्हणजे याच पाड्यातला बारकू. कंत्राटावर का होईना, पण पाड्यातून नोकरीला लागलेला पहिला माणूस. आणि आमच्या तक्रारीच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता, 'संबंधित कर्मचारी'. तो भरल्याशिवाय तक्रार पुढे जात नसे. नाव निवडायचं, आणि एका महिन्यात एका नावावर तीन तक्रारी लाल झाल्या की त्या माणसाचं कंत्राट अडायचं; माझ्या बटणामुळे त्या लाल होतच नाहीत, हे पाड्याला कुठे माहीत होतं! म्हणून पाड्याने गावदेवीपुढे नारळ ठेवून शब्द दिला होता, बारकूचं नाव कुणी लिहायचं नाही. हंडे वाहू, पण पोराची भाकर मोडायची नाही. चार वर्षं अख्ख्या पाड्याने तो शब्द पाळला. मंडळी, आपल्या सोसायट्यांच्या सभेत चार घरांचं चार मिनिटं एकमत होत नाही!

आणि बारकू? तो पुढचं ऐकून मान खाली घालेल, पण मला सांगितलंच पाहिजे. बारकूला दोन ठिकाणचे व्हॉल्व होते, पाड्याचा आणि खालच्या नव्या कॉलनीचा. कॉलनीतून धडाधड तक्रारी यायच्या. मग भीतीने तो कॉलनीला जास्त वेळ पाणी सोडायचा. पाड्याला सगळ्यात शेवटी, उरलं तर. मी विचारलं, "अरे, स्वतःच्या घराला?" तो म्हणाला, "साहेब, पयला पाड्याला सोरला असता तं लोक बोलले असते, बारकू आपल्या घरच्यांना देतो. आनि पाड्यातून कोन तकरार करनार हाय?"

त्याच्या बायकोच्या, तुळशीच्या, डोक्यावर तेव्हा हंडा होता. ती तशीच उभी राहून ऐकत होती.

आता मी एक गोष्ट सांगतो जी मी आजवर घरीही सांगितली नाही. तो 'संबंधित कर्मचारी'चा रकाना कुणी सुचवला होता? मी. फॉर्म तयार होत असताना मीच म्हणालो होतो, जबाबदारी निश्चित झाली पाहिजे. साहेबांनी बैठकीत माझं नाव घेऊन कौतुक केलं होतं. आणि आदल्या वर्षी नवी जलवाहिनी आधी कुणाला द्यायची हा प्रश्न आला, तेव्हा टिपणीही माझीच होती. "कॉलनीतून तीनशे बारा तक्रारी प्राप्त. आवळीचा पाडा येथून एकही तक्रार नाही. सबब सदर वस्तीस तूर्त आवश्यकता नाही." वर मथळा दिला होता, 'लोकमतावर आधारित नियोजन'. पाड्यासाठी ठरलेली जलवाहिनी माझ्या त्या 'सबब'ने कॉलनीकडे वळली.

स्कूटरवरून परत निघालो. एवढ्या शिकलेल्या मुलीने मला एक वाक्य ऐकवलं नाही, हे मी विसरणार नाही. जांभूळच्या फाट्यावर मीच बोललो. म्हटलं, "तुझ्या वहीत हे लिहिणार का?" ती म्हणाली, "लिहावं लागेल, काका. पण नाव नाही लिहिणार." मी म्हटलं, "नाव लिहायचं राहिलंय खरं. ते मी लिहितो."

दुसऱ्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा नागरिक म्हणून तो फॉर्म उघडला. मोबाइल नंबर टाकला, ओटीपी आला, चुकला, पुन्हा आला. तेव्हा मला कळलं, लोक किती चिकाटीचे असतात! ठिकाण आवळीचा पाडा. तक्रार पाणी येत नाही. संबंधित कर्मचारी... यादी खाली उघडली. तिच्यात सगळे चावीवाले होते, हेडक्लार्क नव्हता, कारण हेडक्लार्क कधी कशाशी संबंधित नसतो. पण यादी मीच बनवली होती, त्यामुळे यादीत माझं नाव घालायला मला कुणाची सही लागली नाही. नाव घातलं, निवडलं, बटण दाबलं. आणि कुणाचं पाकीट मारल्यासारखं इकडेतिकडे पाहिलं.

त्या रविवारी पाड्यावर जाऊन सांगितलं. पहिला चिडला तो बारकूच. म्हणाला, "साहेब, तुमी उद्या घरी जाल, मना काढतील." त्याचं चूक नव्हतं. आजवर पाड्याला मीच काय, कचेरीतल्या कुणीच विश्वास ठेवावा असं काही दिलं नव्हतं. मी मोबाइल काढून तक्रार दाखवली. तुळशीने ती मोठ्याने वाचली. माझं नाव आलं तिथे थांबली आणि पुन्हा वाचली.

कमळाबाईंनी विचारलं, "म्हंजे तुजी नोकरी जाईल?"

मी म्हटलं, "आजी, माझे तीन महिने उरलेत. जाऊन जाऊन किती जाईल?"

मग नारळाचा प्रश्न आला. गावदेवीला दिलेला शब्द मोडायचा कसा? अर्धा तास पाड्यात खल झाला. शेवटी कमळाबाईंनी निकाल दिला. "देवीला आमी बारकूचा नाव सांगलाय, याचा नाय. याचा लिवला तं काय पाप लागत नाय." माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत नियमाचा इतका चोख अर्थ लावलेला मी पाहिला नाही.

चार दिवसांत एक्केचाळीस तक्रारी आल्या. प्रत्येक घराची एक, प्रत्येकीत संबंधित कर्मचारी म्हणून माझं नाव. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्या तुळशीने लिहून दिल्या, आणि सगळ्यात पहिली तिने स्वतःची लिहिली. चावीवाल्याच्या बायकोने! ती मी कागदावर उतरवून खिशात ठेवली आहे, वाचतो. "नळाला पाणी येत नाही. दोष हरिचंद्र साहेबांचा आहे. माणूस चांगला आहे, पण पाणी येत नाही."

मी टेबलावर ते वाचत होतो आणि समोर जिज्ञासा बसली होती. तक्रारी एकामागून एक येत होत्या. चार वर्षं मुका असलेला पाडा बोलत होता. मला त्या चिनी म्हाताऱ्याचा बाक आठवला. जगात कुठे कुठे, कोण कोण, या क्षणी असंच अंगठ्याने टाइप करत असेल, आणि पलीकडे माझ्यासारखा कुणीतरी बटणावर बोट ठेवून बसला असेल. मला त्या बोटाचं वजन त्या दिवशी कळलं. सहावा दिवस आला. जेवणाची सुट्टी झाली. मी बटण दाबलं नाही. जिचा तिचा सातवा दिवस भरत गेला, तशा माझी धरून बेचाळीसही तक्रारी लाल झाल्या आणि साहेबांच्या पडद्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

पुढचं थोडक्यात सांगतो, अध्यक्षा घड्याळाकडे बघतायत. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. एकाच महिन्यात बेचाळीस तक्रारी, आपले म्हणणे काय? मी एका ओळीत उत्तर दिलं, "सर्व तक्रारी खऱ्या आहेत." भिंतीवरचा शंभर टक्क्यांचा फलक खाली उतरला. तो 'संबंधित कर्मचारी'चा रकाना फॉर्ममधून गेला. बारकूचं कंत्राट चालू राहिलं. आणि पाड्याची जलवाहिनी यादीत परत आली. माझ्या निवृत्तीच्या दिवशी कचेरीत समारंभ झाला नाही, चहा झाला. तो कटिंग होता. म्हणून आजचा हा जिज्ञासाचा निरोप समारंभ मी गुपचूप अर्धा माझाही धरून चाललोय, तिने माफ करावं.

जिज्ञासा, बाळा, आता तू सिंगापूरच्या विद्यापीठात दोन वर्षांसाठी निघालीस. तिथे बसून तू पुन्हा ती पत्रं वाचणार, पुन्हा पुसलेल्या पानांच्या तारखा लिहिणार. सुनंदाताईंना काळजी वाटते, एवढ्या लांब पोरगी एकटी. मला काळजी नाही वाटत. मला तुझा दरारा वाटतो. मी तुझ्या बापाच्या वयाचा आहे, पण आज सगळ्यांसमोर सांगतो, तुझ्यासमोर मी ताठ बसायला लागलो ते त्या स्कूटरनंतर. एका परक्या देशातल्या लोकांचं मत काय किमतीचं, हे शोधायला निघालेल्या मुलीने मला माझ्याच हद्दीतला, माझ्या घरापासून स्कूटरच्या अंतरावरचा पाडा दाखवला. मला एवढंच मागायचंय, ती वही भरली की दुसरी घे, पण बंद करू नकोस.

आता शेवटची एक गोष्ट. आज सकाळी मोबाइलवर संदेश आला. हा बघा. "आपली आवळीचा पाडा येथील तक्रार निकाली काढण्यात आली आहे. आपण समाधानी आहात का? हो, नाही." माझ्या खुर्चीवर आता जो बसतो त्याला काम मीच शिकवलंय, त्यामुळे त्याला दोष देत नाही. जलवाहिनी टाकून झाली हे खरं. तीन आठवडे झाले. पण उत्तर मी सकाळपासून दिलेलं नाही, कारण तक्रार माझ्या नावाने असली तरी नळ माझा नाही.

कमळाबाई, इथूनच विचारतो. उठू नका, बसूनच सांगा. पाणी आलं का?

माइक द्या हो त्यांना. नको म्हणतात. बरं, मोठ्याने बोला.

ऐकलंत? "खालच्या घरांना आला, चांगला येतो. वरच्या सात घरांच्या नळांना आजून फडका बांधलेला हाय." तुळशी काय म्हणतेय? "आमचा घर खाली हाय, पन तुमी 'हो' लिवू नका."

ठीक आहे. चष्मा लावतो. हे 'नाही', दाबलं. बघा, पुन्हा लाल झालं. जिज्ञासा, तू तिकडे वाचत राहा, इथलं आम्ही लिहीत राहतो.

वाचनालयाच्या कार्यकर्त्यांचे, प्रतिभाताईंचे, भूपेशशेठचे आणि पाड्याच्या मंडळींचे मी मनापासून आभार मानतो. दहा मिनिटांचा अर्धा तास केला, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, कुणाचं नको तितकं घेतलं गेलं असेल, तर मला उदार मनाने क्षमा करा. नाहीच करवली, तर बेलाशक तक्रार लिहा. तो रकाना आता फॉर्ममध्ये राहिलेला नाही, पण तुम्ही खाली आपल्या हाताने लिहा, संबंधित कर्मचारी, हरिचंद्र, जांभूळ.

नमस्कार.